प्लॅस्टिकचे कण, हृदय आणि टपरीवरचा गरम चहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शरीरात गेलेल्या प्लॅस्टिकच्या सूक्ष्म कणांमुळे हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता साडेचार पटीने वाढते, हे विधान गेल्या काही काळात वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांतून, सभा-संमेलनांतील व्याख्यानांतून आणि अर्थातच व्हॉट्सॲपवरून इतके फिरले आहे, की त्याच्या मुळाशी काय आहे हे पाहण्याची गरज आता कोणाला वाटेनाशी झाली आहे. काहीजण या आकड्याने हादरून जातात, तर काहीजण ‘रोज नवीन काहीतरी’ म्हणून तो उडवून लावतात. मी मुंबईतील एका महाविद्यालयात अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले. बहुवारिके, म्हणजे पॉलिमर, हा माझ्या शिकवण्याचा विषय होता. वैद्यकाची पदवी माझ्याकडे नाही. तरीही ज्या मोजणीवर हा आकडा उभा आहे ती मुळात रसायनशास्त्रातली असल्याने तिच्याविषयी चार शब्द लिहावेत, आणि त्याच्या आधारे आपल्या शहरात काय करता येईल हेही मांडावे, यासाठी हा पत्रप्रपंच.

साडेचार पट हा आकडा आला इटलीतून. नेपल्सच्या परिसरातील कॅम्पानिया विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील संशोधकांचा एक अभ्यास मार्च २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मेंदूला रक्त पुरवणारी मानेतील कॅरोटिड धमनी ज्यांच्या बाबतीत फारच अरुंद झाली होती, पण ज्यांना अद्याप त्याची लक्षणे जाणवत नव्हती, अशा रुग्णांवर शस्त्रक्रिया करून धमनीच्या आत साचलेला चरबीयुक्त थर, ज्याला डॉक्टर प्लाक म्हणतात, काढण्यात आला आणि त्यात प्लॅस्टिक आहे का हे तपासण्यात आले. एकूण ३०४ रुग्णांपैकी २५७ जणांचा पाठपुरावा सरासरी ३४ महिने पूर्ण होऊ शकला. त्यांतील १५० जणांच्या, म्हणजे ५८ टक्क्यांहून अधिक रुग्णांच्या प्लाकमध्ये पॉलिइथिलीन, म्हणजे आपल्या बोलण्यातले पॉलिथिन, आढळले आणि ३१ जणांत त्याच्या जोडीला पीव्हीसी, म्हणजे क्लोरीन असलेले प्लॅस्टिक, हेही मिळाले. पुढील काळात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांपैकी काही ना काही प्लॅस्टिक आढळलेल्या १५० पैकी ३० जणांच्या वाट्याला आले. प्लॅस्टिक न आढळलेल्या १०७ जणांत ही संख्या ८ होती.

आता यातून साडेचार पट कशी निघते? ३० भागिले १५० म्हणजे २० टक्के, आणि ८ भागिले १०७ म्हणजे साडेसात टक्के. साधा भागाकार केला तर फरक पावणेतीन पटीच्याही किंचित आतच भरतो. वय, मधुमेह, रक्तदाब यांसारख्या गोष्टींचा प्रभाव संख्याशास्त्राने वेगळा काढल्यावर तो ४.५३ इतका येतो. त्यात गैर काहीच नाही. प्लॅस्टिक आढळलेले रुग्ण वयाने काहीसे तरुण होते आणि त्यांच्यात उच्च रक्तदाबाचे प्रमाणही कमी होते, त्यामुळे असा हिशेब करणे आवश्यकच असते. परंतु त्या ४.५३ च्या दोन्ही बाजूंना संशोधकांनी स्वतः जी मर्यादा दिली आहे ती २ ते १०.२७ अशी आहे. एवढी रुंद मर्यादा याचा अर्थ एवढाच, की संबंध आहे असे दिसते, पण तो नेमका किती मोठा आहे हे इतक्या थोड्या रुग्णांवरून ठरवता येत नाही. मूळ निबंधात ही मर्यादा त्या आकड्याच्या शेजारीच छापलेली आहे. आपल्याकडच्या मथळ्यांत ती कुठेही दिसली नाही. आणखी एक गोष्ट मथळ्यांतून गळून पडली, ती ही की हे सर्वजण आधीच धमनीविकाराचे रुग्ण होते. धडधाकट माणसाला हा आकडा जसाच्या तसा लावणे चूक आहे.

त्याहून महत्त्वाचे असे, की ज्यांच्या प्लाकमध्ये प्लॅस्टिक मिळाले त्यांच्यात मधुमेह, कोलेस्टेरॉलचे विकार आणि धूम्रपान यांचे प्रमाण अधिक होते. ते काय खात होते, कोणते पाणी पीत होते, कसल्या वस्तीत राहत होते, याची नोंद घेण्यात आलेली नव्हती. बाहेरचे डबाबंद, तळलेले अन्न खाणाऱ्याच्या शरीरात पॉलिथिनही अधिक जाईल आणि मीठ व चरबीही अधिक जाईल. मग झटक्याचा दोष कशाच्या माथी मारायचा? उलटा प्रवासही संभवतो. जी धमनी आधीच सुजलेली आणि झिजलेली आहे, तिच्या भिंतीत रक्तातून फिरणारे कण अडकून बसण्याची शक्यताही अधिक. तसे असेल तर प्लॅस्टिक हे आजाराचे कारण न ठरता आजाराची खूण ठरेल. संशोधकांनी स्वतः कार्यकारणसंबंध सिद्ध झाल्याचा दावा केलेला नाही, हे त्यांच्या श्रेयाचेच आहे.

यापुढचा आक्षेप माझ्या विषयातला आहे आणि त्यावर मराठीत फारसे लिहिले गेलेले नसल्याने थोडे विस्ताराने सांगते. इतके बारीक प्लॅस्टिक मोजण्यासाठी नमुना प्राणवायूविना काहीशे अंश तापमानाला तापवतात. त्या उष्णतेने बहुवारिकाची लांबलचक साखळी तुटून छोटे रेणू तयार होतात आणि ते रेणू कोणते व किती हे यंत्र टिपते. त्यावरून मूळ पदार्थ ओळखायचा. पॉलिइथिलीनची साखळी म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांची सरळ माळ. अडचण अशी, की आपल्या शरीरातील चरबीच्या रेणूंनाही तशाच कार्बन-हायड्रोजनच्या लांब शेपट्या असतात आणि तापवल्यावर त्यांचेही तुकडे जवळजवळ तसेच पडतात. नमुन्यातील चरबी आधी काटेकोरपणे काढून टाकली नाही, तर चरबीचा संकेत यंत्र पॉलिथिनच्या खात्यावर जमा करू शकते. आणि प्लाक हा पदार्थ तर चरबीने भरलेला असतो! मेंदूही तसाच. ‘माणसाच्या मेंदूत चमचाभर प्लॅस्टिक’ अशी बातमी २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या संशोधनावरून सर्वत्र झळकली, तेव्हा अनेक रसायनतज्ज्ञांनी हाच आक्षेप घेतला होता. शिवाय प्रयोगशाळेतील हातमोजे, नळ्या, बाटल्यांची झाकणे, हवेतील धूळ, सगळीकडेच प्लॅस्टिक असल्याने नमुन्यात बाहेरून कण मिसळण्याचा धोका राहतोच.

मग नेपल्सचा अभ्यास निकालात काढावा का? मला तसे वाटत नाही. त्या संशोधकांनी एकाच यंत्रावर विसंबून न राहता इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्लाकच्या पेशींत अडकलेले, कडा ओबडधोबड असलेले परके कण पाहिले, त्यांतील काहींमध्ये क्लोरीन असल्याचे क्ष-किरणांनी दाखवले, आणि कार्बनच्या समस्थानिकांचीही, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या कार्बन अणूंचीही, तपासणी केली. क्लोरीन असलेला कण चरबीचा असू शकत नाही. म्हणजे प्लॅस्टिक तिथे होते हे मानायला आधार आहे. किती होते, याबद्दल मात्र मी हातचे राखून बोलेन. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या एका परिषदेत पन्नासहून कमी व्यक्तींच्या कॅरोटिड धमन्यांचा प्राथमिक अहवाल मांडला गेला. त्यात निरोगी धमन्यांच्या तुलनेत लक्षणे नसलेल्यांच्या प्लाकमध्ये प्लॅस्टिकचे प्रमाण सुमारे १६ पट आणि पक्षाघातासारखी लक्षणे दिसलेल्यांच्या प्लाकमध्ये सुमारे ५१ पट आढळले. गंमत अशी, की नेपल्सच्या अभ्यासात प्लॅस्टिकबरोबर दाह, म्हणजे ऊतींची सूज, वाढलेला दिसला होता, तर या अहवालात प्लॅस्टिक आणि तीव्र दाह यांचा तसा संबंध मिळाला नाही. म्हणजे कण धमनीत जाऊन नेमके काय करतात, याबद्दल संशोधकांमध्येच अजून एकवाक्यता नाही. उंदरांवरील एका अलीकडच्या प्रयोगात मायक्रोप्लॅस्टिक खाऊ घातलेल्या नरांच्या धमन्यांत प्लाक अधिक साचला, आणि तोही वजन किंवा कोलेस्टेरॉल न वाढता. माद्यांत मात्र तसा परिणाम दिसला नाही. प्रत्येक नवा अभ्यास एक दार उघडतो आणि दोन प्रश्न पुढ्यात टाकतो, अशी सध्याची अवस्था आहे.

माझा निष्कर्ष असा, की संशय सबळ आहे, पुरावा अपुरा आहे, आणि अशा स्थितीत ज्या सावधगिरीला फारसा खर्च येत नाही ती घ्यावी व जी महागडी आहे तिच्यामागे धावू नये. दुर्दैवाने आपल्याकडे उलटे चालले आहे.

‘आपण दर आठवड्याला एका क्रेडिट कार्डाएवढे प्लॅस्टिक खातो’ हे वाक्य माझ्याकडे आलेल्या निरोपांत सर्वांत लोकप्रिय आहे. ते २०१९ मधील एका अंदाजावर आधारलेले असून त्यात आठवड्याला ५ ग्रॅमपर्यंत असा आकडा होता. पुढे २०२१ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी अधिक काळजीपूर्वक हिशेब केला तेव्हा प्रौढ माणसाच्या बाबतीत तो आठवड्याला सुमारे ४ मायक्रोग्रॅम निघाला. दोन्हींत दहा लाख पटीहून अधिक तफावत आहे. दुसरा आकडा हाच अंतिम असेही नाही, कारण त्यात सगळ्या अन्नपदार्थांचा समावेश नव्हता. पण तो निरोप होऊन फिरत नाही, पहिला फिरतो, आणि त्याच्या पाठोपाठ जाहिराती येतात. मायक्रोप्लॅस्टिक ‘खेचून काढणाऱ्या’ पावडरी, ‘डिटॉक्स’चे काढे, आणि परदेशात तर हजारो पौंड घेऊन रक्त गाळून देणारी क्लिनिकेही निघाली आहेत. यांतील एकाही उपायाने एकही झटका टळल्याचा पुरावा नाही. आमच्याच इमारतीतील एक सद्गृहस्थ रक्तदाबाची गोळी ‘केमिकल’ म्हणून टाळतात आणि प्लॅस्टिकच्या भीतीने अशी पावडर मात्र नेमाने घेतात. त्यांना समजावण्यात मला अद्याप यश आलेले नाही.

पाण्याचे उदाहरण घ्या. नळाच्या पाण्यात प्लॅस्टिक असते या धास्तीने घरी बाटलीबंद पाण्याचे खोके आणणारी कुटुंबे मला माहीत आहेत. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी सुमारे २ लाख ४० हजार कण आढळले, आणि त्यांतील ९० टक्के कण नॅनोप्लॅस्टिकच्या, म्हणजे अतिसूक्ष्म वर्गातील होते. आपल्याकडे तीच बाटली गाडीत, फलाटावर किंवा टेम्पोत उन्हात तापलेली असते, हे वेगळेच. मुंबईला सात तलावांतून मिळणारे आणि शुद्धीकरण करून येणारे पाणी भारतातील बहुतेक शहरांपेक्षा चांगले आहे. त्यातील क्षार इतके कमी असतात, की येथे आरओ यंत्राची सहसा गरजच नसते. विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओच्या वापराला मनाई करावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच सुचवले होते. पाणी उकळल्याने प्लॅस्टिक निघून जाते हा सल्लाही अर्धवट वाचनातून आला आहे. चीनमधील ज्या अभ्यासाचा हवाला दिला जातो त्यात कठीण पाणी उकळताना जमणाऱ्या चुन्याच्या थरात कण अडकतात असे दिसले होते आणि म्हणून त्यांतील ८० ते ९० टक्क्यांपर्यंत कण दूर झाले. मृदू पाण्यात हे प्रमाण सुमारे २५ टक्के होते. आपले तलावांचे पाणी मृदू आहे. जंतूंसाठी पाणी अवश्य उकळावे, प्लॅस्टिकसाठी त्याचा उपयोग थोडाच.

हृदयाचे म्हणाल तर उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि हवेतील सूक्ष्म धूलिकण यांचे दुष्परिणाम अनेक दशकांच्या आणि लाखो लोकांवरील अभ्यासांनी सिद्ध झालेले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब आहे. प्लॅस्टिकच्या चर्चेत यांचा विसर पडू नये. पालिकेच्या दवाखान्यात रक्तदाब मोजून घ्यायला पाच मिनिटे पुरतात. आणि जेव्हा कोपऱ्यावर कचरा पेटवला जातो, तेव्हा त्या धुरातून सूक्ष्म धूलिकण आणि जळक्या प्लॅस्टिकचे विषारी घटक एकदमच आपल्या छातीत जातात. त्याविरुद्ध तक्रार करण्यासाठी कोणत्याही नव्या संशोधनाची वाट पाहण्याचे कारण नाही.

आता ज्या स्वस्त सावधगिरीचा मी वर उल्लेख केला तिच्याकडे वळते. ती म्हणजे गरम पदार्थ आणि पॉलिथिन यांची गाठ पडू न देणे. प्लॅस्टिकमधून कण सुटण्याच्या बाबतीत उष्णता हा निर्णायक घटक आहे, याबद्दल प्रयोगशाळांत मतभेद नाहीत. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले, की कागदी पेल्यात ८५ ते ९० अंश तापमानाचे १०० मिलिलिटर पाणी १५ मिनिटे ठेवले तर त्यात सुमारे २५ हजार मायक्रोप्लॅस्टिक कण उतरतात. ज्याला आपण कागदी पेला म्हणतो त्याच्या आत पाणी झिरपू नये म्हणून प्लॅस्टिकचा, बहुधा पॉलिइथिलीनचाच, पातळ थर असतो. आपला कटिंग चहा १०० मिलिलिटरहून कमी असतो आणि तो कोणी पंधरा मिनिटे हातात धरून बसत नाही, त्यामुळे हा आकडा टपरीवरच्या चहाला तसाच लागू होत नाही, हे मान्य. पण मुंबईत दिवसाला चार-पाच कटिंग घेणारे लाखो लोक आहेत.

पेल्याहून मला पिशवीची काळजी अधिक वाटते. मंगलदास मार्केटपासून अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत कुठेही दुपारी चारच्या सुमारास पाहा: पातेल्यातून उतरवलेला वाफाळता चहा पातळ पारदर्शक पिशवीत ओतला जातो, तिला गाठ मारली जाते, आणि पोऱ्या ती पिशवी व पेल्यांची चवड घेऊन दुकानादुकानांत, कार्यालयांत पोहोचवतो. सांबार, रस्सा, डाळ यांची पार्सले तशीच. साध्या पातळ पॉलिथिनचा वितळणबिंदू ११० अंशांच्या आसपास असतो आणि मऊ पडायला त्याच्या बऱ्याच आधी सुरुवात होते. उकळत्या चहाने भरलेली पिशवी हातात धरली तर ती कशी लिबलिबीत होते हे कोणीही अनुभवले असेल. त्या चहात पिशवीतले काय उतरते आणि किती, याची मोजणी मुंबईत कोणी केली असल्यास ती लोकांपर्यंत पोहोचलेली नाही. नेपल्सच्या रुग्णांच्या धमन्यांत मिळालेले पॉलिथिन गरम पेयांतूनच आले असे मी म्हणत नाही, तसा कोणताही पुरावा नाही. तोच पदार्थ आपण उकळत्या अवस्थेत रोज वापरतो आहोत, एवढेच निदर्शनास आणते.

कायद्याने हे केव्हाच बंद व्हायला हवे होते. २६ जुलै २००५ च्या पुरात गटारे तुंबवणाऱ्या पिशव्यांनी काय केले हे मुंबईकर विसरलेले नाहीत. राज्य सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. त्यात पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार आणि तिसऱ्याला २५ हजार रुपये दंड व तीन महिन्यांचा कारावास अशी तरतूद होती. जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या अनेक वस्तू बंद झाल्या आणि त्याच महिन्यात राज्याने प्लॅस्टिकचा थर दिलेल्या पेले-ताटल्यांचाही बंदीत समावेश केला. सुरुवातीचे काही महिने धाडी पडल्या, छायाचित्रे छापून आली, मग पथके दिसेनाशी झाली आणि पिशव्या परत आल्या. ही बंदी आजवर गटारांच्या आणि समुद्राच्या दृष्टीनेच राबवली गेली. गरम अन्नाचा वेगळा विचार तिच्यात कधी झालाच नाही.

मात्र नुसता दंड वाढवून हे थांबेल असे मला वाटत नाही, आणि दंड भरणारा नेहमी टपरीवालाच असतो, पिशव्यांचा कारखानदार नसतो. पूर्वी तारेच्या जाळीत सहा-आठ काचेचे ग्लास आणि हातात किटली घेऊन चहावाला पोऱ्या जिने चढायचा. ते ग्लास का गेले? कोविडकाळातील भीती हे एक कारण झाले, पण त्याआधीपासूनचे कारण पाणी हे आहे. रस्त्यावरच्या टपरीला नळ नसतो. सकाळी कुठून तरी भरून आणलेल्या दोन-तीन कॅनमध्ये चहाही करायचा आणि ग्लासही विसळायचे. त्या गढूळ बादलीत बुचकळलेला ग्लास पाहून गिऱ्हाईकच कागदी पेला मागते, आणि त्यात गिऱ्हाइकाचे काही चुकते असे नाही. पथविक्रेत्यांविषयीच्या २०१४ च्या केंद्रीय कायद्यात फेरीवाला क्षेत्रांतील नागरी सुविधांपोटी विक्रेत्यांकडून ठरावीक काळाने शुल्क घेण्याची तरतूद आहे. त्या सुविधांत वाहत्या पाण्याचा एक सार्वजनिक नळ आणि सांडपाण्याची मोरी यांचा समावेश पालिकेने केला, तर काचेचे किंवा स्टीलचे ग्लास परत येऊ शकतील. शासकीय कार्यालये, न्यायालये, पालिकेची रुग्णालये आणि रेल्वे स्थानके येथील उपाहारगृहांना तर पाणी आधीपासूनच आहे. तिथे गरम पेय प्लॅस्टिकच्या थराच्या पेल्यात देऊ नये, एवढी अट कंत्राटात घालायला फारसा वेळ लागू नये. कार्यालयांनी चहावाल्याला पिशवीऐवजी थर्मास किंवा किटली द्यावी, आणि आपापले कप ठेवावेत.

घरातल्या गोष्टी थोडक्यात. स्टीलचा डबा हे या शहराचे जुने शहाणपण आहे. मुलांना आणि कार्यालयात जाणाऱ्यांना तो द्यावा. प्लॅस्टिकच्या डब्यात अन्न मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये, डबा ‘मायक्रोवेव्ह सेफ’ असला तरी. ती खूण डबा वितळणार नाही एवढेच सांगते. पिशवीचे दूध थंड असते, त्याची मला तितकी धास्ती वाटत नाही, फक्त गोठलेली पिशवी सुटी व्हावी म्हणून ती गरम पाण्यात टाकण्याची सवय सोडावी. मिठाचे म्हणाल तर आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१८ मध्येच भारतीय मिठात मायक्रोप्लॅस्टिक दाखवले आणि वाळूच्या साध्या गाळणीने त्यातील ८५ टक्क्यांहून अधिक वजनाचे प्लॅस्टिक काढता येते असेही सांगितले. हे काम मीठ उत्पादकांचे आहे, गृहिणीचे नाही. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाल्ले तर रक्तदाबाचा फायदा तसाही होतोच. मासे सोडण्याचे कारण नाही. माशांत हे कण मुख्यतः आतड्यात असतात आणि बोंबील, पापलेट, बांगडा आपण साफ करूनच खातो. कोळंबीचा काळा दोरा काढावा. सुकट आणि जवळा अख्खे खाल्ले जातात, त्यांचे प्रमाण बेताचे ठेवावे, इतकेच.

शेवटचा मुद्दा मोजणीचा, आणि तो माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. आजवरचे धमन्यांचे नमुने इटलीचे, अमेरिकेचे, चीनचे. भारतीय माणसाला हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा लवकरच्या वयात गाठतो, येथील मधुमेहाचे प्रमाण वेगळे, हवा वेगळी, प्लॅस्टिकचा वापरही वेगळा. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२४ मध्ये अन्नातील सूक्ष्म प्लॅस्टिकचा अभ्यास हाती घेतल्याचे जाहीर केले; लखनौची भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था, कोचीची केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्था आणि बिट्स पिलानी यांचा त्यात सहभाग आहे. त्याचे आकडे पदार्थनिहाय आणि पद्धतीच्या तपशिलासह जाहीर व्हावेत. मात्र तो अभ्यास अन्नाचा आहे. शरीराचा अभ्यास व्हायचा असेल तर त्यासाठी मुंबईइतकी सोयीची जागा दुसरी क्वचितच असेल. केईएम, शीव, नायर आणि जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांत राज्यभरातून रुग्ण येतात, आणि रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेत काढलेला प्लाक सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर एरवी जैववैद्यकीय कचऱ्यातच जातो. पवईला आयआयटी आहे, माटुंग्याला रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. विश्लेषणाची यंत्रे आणि ती चालवणारी माणसे याच शहरात आहेत.

रुग्णाची संमती आणि नीतिविषयक समितीची मान्यता घेऊन असा अभ्यास सुरू करण्यासाठी पालिकेच्या वैद्यकीय शिक्षण विभागाने पुढाकार घ्यावा, अशी माझी विनंती आहे. तो करताना परदेशातील चुकांवरून शिकता येईल. नमुना प्लॅस्टिकच्या डबीत न घेता आधी तापवून स्वच्छ केलेल्या काचेच्या कुपीत घ्यावा; शस्त्रक्रियागृहाच्या हवेत तितकाच वेळ उघडी ठेवलेली एक रिकामी कुपीही प्रत्येक वेळी तपासावी, म्हणजे बाहेरून किती प्लॅस्टिक मिसळले ते वजा करता येईल; चरबी काढून टाकल्याची खातरजमा वेगळ्या चाचणीने करावी; आणि एकाच नमुन्याचे दोन भाग दोन प्रयोगशाळांकडे, रुग्ण कोण हे न कळवता, पाठवावेत. त्यासोबत रुग्णाला त्याचा आहार, व्यवसाय, राहण्याची जागा, तंबाखूचे व्यसन आणि दिवसाला किती वेळा पिशवीतला किंवा कागदी पेल्यातला चहा घेतो, हेही विचारावे. नेपल्समध्ये हे प्रश्न विचारायचे राहून गेले होते.

आपली,
रसायनशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका
मुलुंड (पूर्व), मुंबई